मालवाहू अंतराळजहाजांच्या मालिका: गावातून पाहायला सुरुवात कशी करावी

सायन्स फिक्शन मालिका म्हटलं की लढाया, परग्रहावरचे प्राणी आणि चकचकीत गणवेशातले कॅप्टन एवढंच डोळ्यापुढे येतं. त्याच मालिकांमध्ये एक वेगळा कोपरा आहे, माल वाहणाऱ्या जहाजांचा. तिथे बर्फ, जनावरं, धान्य आणि यंत्रांचे सुटे भाग घेऊन माणसं महिनोन् महिने चालत असतात. हवा पुरेल का, पाणी पुरेल का, माल वेळेत पोचेल का आणि पैसे हातात कधी पडतील, या चिंता त्यांना रोजच्या असतात. ज्या जिल्ह्यात कापूस विकल्यावर चुकाऱ्याची वाट पाहणं प्रत्येक घराला ठाऊक आहे, तिथल्या प्रेक्षकाला हा कोपरा परका वाटूच शकत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्याकडे दिवाळीनंतर, वेचणीची धावपळ जरा ओसरली की, संध्याकाळी काही जण जमतात. कॉलेजची मुलं असतात, दोन-तीन बाया असतात, जिनिंगमध्ये हयात काढलेले एक काकाजी असतात. आम्ही या मालिका पाहतो आणि त्यावर बोलतो. नवीन आलेला माणूस नेहमी त्याच त्याच ठिकाणी अडकतो: भाग चुकीच्या क्रमाने पाहतो, इंग्रजी कळत नाही म्हणून सोडून देतो, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत 'यात काही होतच नाही' म्हणून उठतो. तसं होऊ नये म्हणून हे लिहिलं आहे.

1. आधी काय काय जवळ हवं

- स्वतःच्या नावाचं सिमकार्ड आणि चालू ईमेल आयडी. सिम भावाच्या नावावर आणि तो पुण्याला, असं असेल तर ओटीपीसाठी दर वेळी त्याला फोन लावावा लागतो.
- पैसे भरायला यूपीआय किंवा बँकेचं कार्ड.
- मोबाइल किंवा टीव्ही, आणि चार्ज केलेली पॉवर बँक. उन्हाळ्यात संध्याकाळची लाईट गृहीत धरू नका.
- एक छोटा स्पीकर. जहाजावर बरंच बोलणं रेडिओवरून होतं आणि आवाज खरखरीत असतो. मोबाइलच्या स्पीकरवर त्यातलं अर्धंही ऐकू येत नाही.
- शंभर पानी वही आणि पेन. कशासाठी ते पुढे सांगते.

मालिका दाखवणाऱ्या ॲपचं सदस्यत्व घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, निवडलेला प्लॅन फक्त मोबाइलसाठी आहे की टीव्हीवरही चालतो. स्वस्त प्लॅन बहुतेक वेळा एका मोबाइलपुरता असतो, आणि टीव्हीला जोडायला गेलं की मग कळतं. दुसरी, ऑटोपे. पैसे भरताना दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी मागतात. नको असेल तर त्याच दिवशी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ती बंद करा. तिसरी, तुम्हाला हवी ती मालिका त्या ठिकाणी आज आहे का. मालिका एका ॲपवरून दुसऱ्यावर जात असतात. म्हणून आधी ॲपमध्ये नाव टाकून शोधा, दिसली तरच पैसे भरा.

'फुकट सगळ्या मालिका' देणारं ॲप कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर घेऊ नका. अशी बाहेरून आलेली ॲप्स मोबाइलमधले मेसेज वाचायची परवानगी मागतात, आणि बँकेचा ओटीपी मेसेजमधूनच येतो. ज्या मोबाइलवर पीक विम्याचे आणि कर्जाचे मेसेज येतात, तो असा उघडा टाकायचा नसतो.

2. रेंज आणि डेटाचं गणित

साध्या क्वालिटीत एका तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा लागतो. म्हणजे दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये पाऊण तासाचा एक भाग आरामात बसतो. एचडी लावलं की तोच डेटा अर्ध्यातच संपतो. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी आधीच कमी करून ठेवा.

गावात रेंज नसेल तर तालुक्याला बाजाराला जाल तेव्हा भाग डाउनलोड करून आणा. डाउनलोड केलेला भाग कायमचा राहत नाही, काही दिवसांनी आपोआप उडतो, आणि काही ठिकाणी एकदा सुरू केला की दोन दिवसांत संपवावा लागतो. त्यामुळे एकदम दहा भाग भरून ठेवण्यात अर्थ नाही. आठवड्याला पुरतील तेवढेच आणा.

हिंदी आवाज आहे का तेही बघा. नसेल तर इंग्रजी सबटायटल लावा आणि त्याला घाबरू नका. दहावीपर्यंतचं इंग्रजी असलं तरी वाचून बरंच लागतं. पहिला भाग दोनदा पाहायचा, पहिल्यांदा सबटायटल वाचत आणि दुसऱ्यांदा चित्र बघत. दुसऱ्या वेळेला जहाज नीट दिसतं.

3. सुरुवात 'द एक्स्पान्स'पासून करा

ही मालिका 2015 ते 2022 या काळात आली. सहा सीझन, 62 भाग. मूळ कादंबऱ्या डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांनी मिळून जेम्स एस. ए. कोरी या एका नावाने लिहिल्या आहेत. 62 आकडा पाहून दबू नका. आपल्या कामासाठी पहिल्या सीझनचे दहा भाग पुरेत, आणि मालवाहू जहाज पाहायचं तर त्यातही पहिलाच भाग सगळ्यात महत्त्वाचा.

त्या भागात 'कॅन्टरबरी' नावाचं जहाज आहे. शनीच्या कड्यांमधला बर्फ तोडायचा आणि सेरेस या लघुग्रहावरच्या वसाहतीला आणून द्यायचा, हे त्याचं काम. शनीची कडी मुख्यतः पाण्याच्या बर्फाचीच आहेत, हे खरं विज्ञान आहे. सेरेसही खरा आहे. 1801 साली तो सापडला, त्याचा व्यास साधारण 940 किलोमीटर आहे आणि 2015 मध्ये नासाचं 'डॉन' यान त्याच्यापर्यंत पोचलं. मालिकेत त्या सेरेसवर लाखो माणसं राहतात आणि तिथे पाण्याचं रेशनिंग चालतं. सेरेसचा स्वतःचा बर्फ पृथ्वी आणि मंगळाने आधीच उपसून नेला, अशी तिथल्या माणसांची तक्रार आहे.

इथे आमच्या काकाजींनी 'शकुंतला' रेल्वेची आठवण काढली, आणि त्यानंतर आमच्या सगळ्या मंडळींना मालिका लागली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला, अशी ही जवळजवळ 190 किलोमीटरची अरुंद लाईन. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी टाकली. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर चढायचा, तिथून मुंबईच्या बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत. इंजिनही मँचेस्टरचंच होतं, 1921 साली बनलेलं, ते 1994 पर्यंत धावलं. स्वातंत्र्य मिळाल्यावरही कितीतरी वर्षं लाईनची मालकी कंपनीकडेच होती. गाडीवरची मोजकी माणसं तिकीट द्यायची, फाटक लावायची आणि इंजिन सोडायची-जोडायची. 'कॅन्टरबरी'वरचे लोक त्याच जातीचे आहेत. माल त्यांच्या हातून जातो, पण त्यातलं त्यांचं काही नाही. मालक दूर बसलेला आहे आणि एकेक माणूस चार-चार कामं करतोय. ही एक गोष्ट मनात धरून भाग पाहिला तर भराभर समोर येणारी नावं आणि राजकारण आपोआप जागेवर बसतं.

आता त्या भागात काय पाहायचं ते सांगते.

बर्फाचा एक ढेप सुटतो आणि एका कामगाराचा हात जातो. हे दृश्य अंगावर येतं, लहान मुलांना दाखवू नका. पण मोठ्यांनी नजर फिरवू नये, कारण जहाजावरचं काम म्हणजे काय ते तिथेच कळतं. काकाजी त्या क्षणी एवढंच बोलले, "आता याची भरपाई कोन देते?" बाकी आम्ही सगळे त्या माणसाकडे बघत होतो, त्यांनी एकट्याने कंपनीकडे पाहिलं. मालिकाही पुढे कंपनीकडेच जाते.

मग मदतीची हाक येते. अंतराळात कुणी मदत मागितली आणि ती नोंदली गेली की थांबणं कायद्याने भाग आहे. थांबलं की उशीर होतो, आणि उशीर झाला की वेळेत पोचल्याचा बोनस जातो. जहाजावर बहुतेकांना पुढे निघायचं असतं. यात कुणी दुष्ट नाही, सगळ्यांच्या घरी हिशेब आहेत. होल्डन नावाचा अधिकारी काय करतो ते बघा आणि त्यावर भाग थांबवून बोला. भागाच्या शेवटी काय होतं ते इथे सांगत नाही.

आणखी एक सूचना. याच भागात एक प्रणयदृश्य आहे. घरात सासूसासरे किंवा मुलं बसणार असतील तर आधी एकट्याने पाहून ठेवा, म्हणजे रिमोट कधी हातात घ्यायचा ते कळेल.

लघुग्रहांवरचे लोक, म्हणजे बेल्टर, एक मिसळ भाषा बोलतात. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने ती मालिकेसाठी मुद्दाम घडवली. ती पृथ्वीवरच्या पात्रांनाही नीट कळत नाही, तेव्हा तुम्हाला कळली नाही तर काही बिघडत नाही. त्यांचे हातवारे मात्र पाहा. पिढ्यान् पिढ्या अंतराळ-पोशाखात काम केलेले हे लोक, आणि पोशाखात मान हललेली दिसत नाही, म्हणून हो-नाहीसुद्धा हाताने सांगायची सवय पडलेली.

4. जहाजात खाली म्हणजे कुठे

हा भाग कळला नाही तर 'द एक्स्पान्स'मधली अर्धी दृश्यं गोंधळाची वाटतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

अंतराळात इंजिन बंद असेल तर जहाजातलं सगळं तरंगतं. इंजिन सुरू झालं की जहाज पुढे ढकललं जातं, जहाजाची फरशी माणसाच्या पायाला रेटते, आणि माणसाला वजन आल्यासारखं वाटतं. म्हणजे इंजिन ज्या टोकाला, त्या टोकाला 'खाली'. म्हणून या मालिकेतली जहाजं आतून मजल्यामजल्यांची आहेत. सगळ्यात खाली इंजिन आणि सगळ्यात वर नाक. माणसं शिडीने वर-खाली जातात.

जहाज अर्ध्या वाटेवर आलं की उलटं फिरतं आणि तेच इंजिन पुढच्या बाजूला धरून वेग कमी करत जातं. अंतराळात ब्रेक लावायला रस्ता नाही, वेग कमी करायचा तर उलट्या दिशेने तेवढाच जोर लावावा लागतो. जोर जास्त लावला तर शरीरावरचा दाब कितीतरी पटीने वाढतो आणि तो सोसायला खुर्चीतून औषधाची सुई टोचतात. इंजिन बंद असताना चालायचं असेल तर चुंबकाचे बूट.

निरोपालाही वेळ लागतो. शनी आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर कापायला प्रकाशाला साधारण तास-सव्वा तास ते दीड तास लागतो, आणि रेडिओ प्रकाशाच्याच वेगाने जातो. तेव्हा शनीजवळच्या जहाजाने विचारलेल्या प्रश्नाला पृथ्वीवरून उत्तर यायला सव्वादोन ते तीन तास गेलेच. कंपनीला विचारून निर्णय घ्यायची सोय तिथे नाही. म्हणून जहाजावरच्या माणसांच्या डोक्यावर एवढा भार असतो.

दुसऱ्या मालिकांमध्ये हे नियम लागू नाहीत. 'फायरफ्लाय' आणि 'स्टार ट्रेक'मध्ये जहाजात गुरुत्वाकर्षण यंत्राने तयार केलेलं असतं आणि लोक घरात चालावं तसे चालतात. एका मालिकेचा नियम दुसरीला लावून 'हे चुकलं' म्हणत बसू नका. आमच्या पोरांचे यावर फार वाद झाले आणि त्यात कथा बाजूला राहिली.

5. 'फायरफ्लाय': क्रम चुकवू नका

2002 साली अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ही मालिका आली. 14 भाग तयार झाले, वाहिनीने त्यातले 11 दाखवून ती बंद केली. दाखवलेलेसुद्धा उलटसुलट क्रमाने. 'सेरेनिटी' नावाचा पहिला भाग, ज्यात सगळ्या माणसांची ओळख होते, तो डिसेंबरमध्ये अगदी शेवटी लावला. अजूनही काही याद्यांमध्ये तोच जुना प्रसारणाचा क्रम दिलेला असतो. तुमच्या ॲपमध्ये पहिला भाग 'द ट्रेन जॉब' दिसला तर थांबा, 'सेरेनिटी' शोधा आणि तिथून सुरू करा. 2005 चा 'सेरेनिटी' नावाचा चित्रपट वेगळा आहे, तो सगळे भाग झाल्यावरच पाहा.

मालिकेतल्या जहाजाचं नावही 'सेरेनिटी'च, आणि ते छोटं आहे. कॅप्टन माल्कम रेनॉल्ड्सचं स्वतःचं, पण जुनं. माल मिळेल तो घ्यायचा, भाड्याने प्रवासी घ्यायचे, कधी कायद्याबाहेरचाही माल न्यायचा, आणि त्यातून इंधन आणि सुटे भाग काढायचे. मोठ्या जहाजावर कंपनीची गुलामी आहे, इथे मालक स्वतःच रोज उधारीत. मला ही मालिका 'द एक्स्पान्स'पेक्षा जवळची वाटते, आणि त्याचं कारण तिचं स्वयंपाकघर आहे. लाकडी टेबल, वेगवेगळ्या खुर्च्या, भिंतीवर हाताने काढलेली फुलं. जहाजातले सगळे दिवसाकाठी एकदा तरी तिथे बसतात.

जेवायला काय असतं तेही पाहा. बहुतेक वेळा प्रोटीनचा लगदा, निरनिराळ्या रंगांचा. पहिल्या भागात बुक नावाचा प्रवासी भाड्याचा हिस्सा म्हणून ताज्या स्ट्रॉबेरीची छोटी पेटी देतो. केली ही जहाजाची मेकॅनिक त्यातली एक तोंडात घालते आणि डोळे मिटते. संवाद नाहीत, पण ताजं फळ किती दुर्मीळ आहे ते तिच्या चेहऱ्यावरून समजतं. त्याच भागात ते ज्या पेट्या नेतात त्यात सोन्याच्या विटांसारखं काहीतरी असतं. ते खरं तर दाबून बसवलेलं अन्न आहे, आणि एक वीट एका कुटुंबाला महिनाभर पुरते. सीमेवरच्या वसाहतींमध्ये सोन्यापेक्षा त्याला भाव आहे. 'सेफ' या भागात तर जहाजाच्या पोटात जनावरं भरून नेलेली आहेत. आमच्याकडच्या बायांना सगळ्यात जास्त तोच भाग आवडला, आणि जनावरांना चारापाणी कोण करत असेल यावर बराच वेळ बोलणं झालं.

आता एक धागा सांगते, तो सुटू देऊ नका. पहिल्याच भागात इंजिनाच्या कॉम्प्रेशन कॉइलचा विषय निघतो. तो गेला तर जहाज तरंगत राहील, बदलायला हवा, असं कॅप्टनला सांगितलं जातं. पैसे नसल्याने बदल होत नाही. पुढे आठव्या भागात, 'आउट ऑफ गॅस'मध्ये, नेमका तिथलाच एक छोटा तुकडा तुटतो. इंजिन बंद पडतं, हवा देणारी यंत्रणाही बंद होते आणि आतली हवा मोजकीच उरते. एका सुट्या भागाचा खर्च पुढे ढकलला तर काय होतं, हे मी कुठल्याही मालिकेत इतकं स्पष्ट पाहिलेलं नाही. ट्रॅक्टरचा पंप दुरुस्त करायचा की बियाणं घ्यायचं, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

'आउट ऑफ गॅस' तीन काळांत चालतो: आत्ता, काही तासांपूर्वी, आणि जहाज विकत घेतलं तेव्हा. सूचना न देता कथा एका काळातून दुसऱ्या काळात जाते. नवखा प्रेक्षक इथे हरवतो. वहीत तीन रकाने आखा आणि प्रत्येक दृश्य कुठल्या रकान्यात बसतं ते लिहा. एवढं केलं की सुटतं. जमलं तर 'जेन्सटाउन'ही पाहा, मातीत राबणाऱ्या बांधलेल्या मजुरांचा भाग आहे.

6. जहाजावरच जन्मलेले: 'स्टार ट्रेक: एंटरप्राइज'

2001 ते 2005 या काळातली ही मालिका. चार सीझन, 98 भाग. सगळे पाहायची गरज नाही, आपल्यासाठी तीन पुरेत.

मालिका बाविसाव्या शतकातली आहे. माणसाकडे जुनी, संथ मालवाहू जहाजं आहेत. एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायला त्यांना वर्षं लागतात. मग लोक कुटुंबासह जहाजावरच राहतात, तिथेच लग्नं होतात, तिथेच मुलं होतात. या लोकांना बूमर म्हणतात. 'एंटरप्राइज' या नव्या वेगवान जहाजाचा चालक ट्रॅव्हिस मेवेदर हा असाच 'होरायझन' नावाच्या मालवाहू जहाजावर वाढलेला मुलगा आहे. भूमिका अँथनी मॉन्टगोमेरीची.

पहिला भाग 'ब्रोकन बो'. त्यात ट्रॅव्हिस एका सोबत्याला जहाजातली एक जागा दाखवतो, जिथे यंत्राचं गुरुत्वाकर्षण जुळत नाही आणि माणूस छताला बसू शकतो. प्रत्येक जहाजात अशी एखादी जागा असतेच, आणि जहाजावर वाढलेल्या पोरालाच ती बरोबर सापडते. दृश्य छोटं आहे, पण ट्रॅव्हिस तिथे जितका घरच्यासारखा दिसतो तितका पुढे फारसा दिसत नाही.

दुसरा 'फॉर्च्युनेट सन', पहिल्या सीझनचा दहावा भाग. नॉसिकन नावाचे लुटारू मालवाहू जहाजांवर हल्ले करतात. 'फॉर्च्युनेट' जहाजाचा कॅप्टन जखमी पडलाय आणि त्याचा सहकारी रायन याने एका लुटारूला गुपचूप कैद करून ठेवलाय. वर्षानुवर्षं मदत न मिळालेल्या माणसाने स्वतःच न्याय करायचा की नाही, यावर हा भाग आहे. सोबत एक दुसरी चिंताही आहे. वेगवान जहाजं आली की या संथ जहाजांवरच्या कुटुंबांचं काय होणार?

तिसरा 'होरायझन', दुसऱ्या सीझनचा विसावा भाग. ट्रॅव्हिस घरी जातो. वडील काही आठवड्यांपूर्वी वारलेत, धाकटा भाऊ पॉल कॅप्टन झालाय, आई जहाजावर दवाखानाही सांभाळते आणि इंजिनही. भाऊ रागावलेला आहे, कारण हा घर सोडून मोठ्या जहाजावर गेला. मला हा भाग बूमरांच्या सगळ्या भागांत उत्तम वाटतो. लढाईचा भाग साधा आहे, पण दोन भावांची जेवणघरातली बोलणी आणि आईचं मधे पडणं हे सगळं खरं आहे. ज्यांचा मुलगा हिंजवडीला किंवा चाकणला कामाला आहे त्यांच्यासोबत पाहा. भाग संपल्यावर लगेच लाईट लावू नका, लोकांना बोलू द्या. मध्येमध्ये 'एंटरप्राइज'वरची एक वेगळी कथा येते, तिचा याच्याशी फारसा संबंध नाही.

7. वहीत काय लिहायचं

प्रत्येक भागाला एक पान. पानावर एवढंच: माल काय आहे, तो कोणाचा आहे, कुठून कुठे चाललाय, वाटेत काय संपत आलंय (हवा, पाणी, इंधन, सुटा भाग), पैसे कोण देणार, आणि ते मिळाले का. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो. तो मोकळाच ठेवा, पुढच्या एखाद्या भागात त्याचं उत्तर येतं.

पात्रांची नावं शेवटच्या पानावर, कामासकट लिहा. नाव विसरलं तरी 'इंजिनवाली', 'पायलट', 'डॉक्टर' एवढं आठवलं की चालतं.

8. मंडळी जमवताना

घरचं सदस्यत्व घरातल्या पाहण्यापुरतं असतं. चौकात पडदा लावून, तिकीट घेऊन किंवा गणपतीच्या मंडपात या मालिका दाखवू नका, ते नियमात बसत नाही. आपल्या पडवीत ओळखीची माणसं बोलावून पाहा.

एका संध्याकाळी एकच भाग. वेचणीच्या हंगामात कुणाला बोलावू नका, दिवसभर वाकून आलेली बाई सबटायटल वाचू शकत नाही. मे महिन्यात घरात बसवत नाही, तेव्हा अंगणात, रात्री नऊनंतर. इंग्रजी वाचणारा एक जण पुढे बसवा. त्याने प्रत्येक वाक्य सांगायचं नाही, फक्त दृश्य बदललं की दोन वाक्यांत सांगायचं. सगळं सांगत बसलं की लोक चित्र पाहायचं सोडून त्याच्याकडे पाहतात.

म्हाताऱ्या माणसांना 'हे तुम्हाला कळणार नाही' असं म्हणू नका. ज्याने पोती वाहिली आहेत आणि काट्यावर माल उतरवला आहे, त्याला या जहाजांतलं पोरांपेक्षा आधी कळतं. आमच्याकडे हे दर वेळी दिसलं आहे.

9. इतकं झाल्यावर पुढे

'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'मध्ये कॅसिडी येट्स ही 'झोसा' नावाच्या मालवाहू जहाजाची कॅप्टन आहे. 'फॉर द कॉज' या भागात तिच्यावर बंडखोरांना गुपचूप सामान पोचवल्याचा संशय येतो. स्त्री कॅप्टन म्हणून आमच्या मुलींना ती आवडली. मागचे भाग न पाहताही तो बऱ्यापैकी समजतो.

आणि हमाल, मापारी, जिनिंग कामगार यांच्यासोबत पाहायचा असा एक भाग: 'बॅबिलॉन 5' या मालिकेच्या पहिल्या सीझनमधला, 1994 सालचा 'बाय एनी मीन्स नेसेसरी'. इथे जहाज नाही, जहाजांचा माल उतरवणारी गोदी आहे. यंत्रं जुनी, माणसं कमी, आणि त्यातच अपघातात एक कामगार मरतो. संपाला बंदी आहे म्हणून बाकीचे आजारी असल्याचं कळवून कामावर येत नाहीत. सरकार वाटाघाटीला एक माणूस पाठवतं, त्याच्याने काही जुळत नाही, तेव्हा तो कायद्याचं एक कलम लावतो. त्या कलमाने कमांडर सिंक्लेअरला संप कुठल्याही मार्गाने मोडायचा अधिकार मिळतो. त्या अधिकाराचं तो काय करतो ते लोकांना स्वतः पाहू द्या. तिथे पोचण्याआधी, कलम वाचून दाखवलं की भाग थांबवा आणि प्रत्येकाला विचारा, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं. वाटाघाटींचे संवाद लांब आहेत, तेव्हा पुढे बसवलेल्या माणसाला हा भाग आदल्या दिवशी एकदा पाहून ठेवायला सांगा.